अनोळखी नावाची गिटार पारखताना

गिटार घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेकदा एकच असतो : कंपनी कोणती? यामाहा, फेंडर, मार्टिन असं ओळखीचं नाव कानावर आलं की तो निर्धास्त होतो. अनोळखी नाव दिसलं की एक तर ‘लोकल माल’ म्हणून गिटार हातातही घेतली जात नाही, नाहीतर ‘अहो, मोठ्या कंपनीच्याच फॅक्टरीत बनते’ एवढ्या एका वाक्यावर पैसे मोजले जातात. दोन्ही वेळा वाद्य तपासायचं राहूनच जातं. शिकणाऱ्या मुलांची बोटं आणि आईवडिलांचे पैसे या दोन्हींचं यात नुकसान होतं, म्हणून हे गैरसमज एकदा नीट तपासायला हवेत.

‘नाव ऐकलेलं नाही, म्हणजे हलकं वाद्य’

अमेरिकेतलं लोकसंगीत आणि ब्लूज स्वस्त, बिनरुबाबाच्या गिटारींवरच वाढलं. शिकागोची हार्मनी ही कंपनी १८९२ सालची. ती दुकानदारांच्या नावानेही गिटार बनवून देई. सिअर्सच्या कॅटलॉगमधल्या ‘सिल्व्हरटोन’ गिटारींपैकी कितीतरी तिच्याच. लोकगायक लेड बेलीची गाजलेली बारा तारांची गिटार ‘स्टेला’ नावाची होती, आणि स्टेला हे तेव्हा स्वस्तातलं नाव होतं. आपल्याकडे कोलकात्याच्या गिवसनवर पहिली कॉर्ड धरलेले लोक गावोगाव भेटतील. (‘गिब्सन’शी तिचं साम्य फक्त नावापुरतं आहे, हेही पुष्कळांना माहीत नसतं.) नाव छोटं असल्यामुळे वाद्य वाईट ठरत नाही. छोट्या नावाच्या दोन गिटारींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, त्यामुळे हातातली तीच एक गिटार तपासावी लागते.

‘फॅक्टरी तीच, म्हणजे माल तोच’

दुकानात सर्वांत जास्त खपणारं वाक्य हेच. त्यातला पहिला भाग पुष्कळदा खराही असतो. कॉर्ट ही १९७३ साली सुरू झालेली कोरियन कंपनी स्वतःच्या नावाने विकते आणि दुसऱ्यांसाठीही बनवते. इंडोनेशियात सुराबायाच्या तिच्या कारखान्यात पीआरएस कंपनीच्या ‘एसई’ मालिकेची वाद्यं तयार होतात. पण कारखाना काम करतो तो मागणी देणाऱ्याने ठरवलेल्या किमतीत. लाकूड कोणतं, फ्रेट किती घासून गुळगुळीत करायचे, तपासणीला किती वेळ द्यायचा, हे सगळं त्या किमतीवर ठरतं.

गिब्सनने हे स्वतःच्याच छताखाली केलं होतं. १९३०च्या दशकातल्या मंदीत तिने ‘कलामझू’ नावाने स्वस्त गिटार काढल्या. कारखाना तोच, मिशिगनमधल्या कलामझू गावचा. मान सरळ राखणाऱ्या ट्रस रॉडचं पेटंट १९२३ पासून गिब्सनकडेच होतं, तरी कलामझूच्या मानेत तो रॉड घातला नाही. आतल्या पट्ट्याही साध्या आडव्या, शिडीसारख्या. तरीही त्या गिटारींचा स्वतःचा कोरडा, ठसठशीत आवाज आहे आणि आज लोक त्या हौसेने शोधतात. वाद्य म्हणून त्या चांगल्याच, पण त्यांना गिब्सन म्हणता येणार नाही.

‘प्लायवूडची गिटार म्हणजे खोकं’

इथे अर्धं सत्य आहे. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. ती अखंड स्प्रूसची असेल तर आवाज अधिक मोकळा येतो, हे बहुतेक वादकांना जाणवतं. पाठीला आणि बाजूंना मात्र विक्रेते फार महत्त्व देतात. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेसने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या, वरची फळी मात्र उत्तम लाकडाची, अशी गिटार बनवून हा मुद्दा सिद्ध केला होता. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच कारागिराने बनवलेल्या ६ गिटार ५२ वादकांनी वाजवून पाहिल्या. फरक फक्त पाठ-बाजूंच्या लाकडाचा. त्यांत दुर्मीळ ब्राझिलियन रोजवूड होतं, आपला शिसवही होता. डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल आणि खोलीत अंधूक उजेड असताना सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच गुण पडले.

वरची फळी अखंड आहे का, हे मधल्या गोल भोकाच्या कडेवर दिसतं. वरच्या बाजूच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरल्या तर लाकूड अखंड. कडेत थर दिसले तर प्लाय. कडेला जाड काळा रंग फासला असेल तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावं. प्लाय निघालं म्हणून मात्र लगेच गिटार खाली ठेवू नये. १९६६ ची यामाहा ‘एफजी-१८०’ पूर्ण प्लायची होती, आणि तिच्यावर आजही लोक प्रेम करतात. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या पावसाळ्यात अखंड फळी फुगते, उन्हाळ्यात देशावर नेली तर चिरूही शकते. प्लाय हे सगळं शांतपणे सोसतं. शाळकरी मुलासाठी मी तर प्लायच सुचवेन.

‘तारा उंच आहेत? ट्रस रॉड फिरवला की झालं’

हा समज सर्वांत महागात पडतो. ट्रस रॉडने मानेचा बाक कमी-जास्त होतो, एवढंच. मान पोटाला ज्या कोनात बसवली आहे तो कोन रॉडने बदलत नाही. स्वस्त गिटार नेमक्या इथे फसतात, आणि कोन चुकलेली मान काढून पुन्हा बसवण्याचा खर्च अनेकदा गिटारीच्या किमतीच्या वर जातो.

म्हणून दुकानात जाताना लांब सरळ पट्टी न्या. फ्रेटांवर आडवी नव्हे, मानेच्या लांबीत ठेवा आणि पुढे सरकवा. तिचं टोक ब्रिजच्या लाकडाच्या माथ्याला लागलं तर कोन बरोबर. ब्रिजच्या माथ्याच्या बरंच खाली जाऊन आपटलं तर ती गिटार घेऊ नका, सूट कितीही असो. मग बाक पाहा. जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबली की सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. जास्त असेल तर ते काम रॉडचं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेची दोनच्या आसपास असावी. थोडी जास्त असेल आणि सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजच्या पुरेसं वर असेल, तर ते घासून काम भागतं. तार १ मिलिमीटर खाली आणायला सॅडल २ मिलिमीटर घासावं लागतं, हे लक्षात ठेवा.

शेवटी सूर. बाराव्या फ्रेटवर तारेला हलका स्पर्श करून हार्मोनिक वाजवा, मग तिथेच तार दाबून वाजवा. मोबाइलच्या ट्यूनरवर दोन्ही स्वर जुळले पाहिजेत. तारा जुन्या असतील तर नव्या लावून घ्यायला सांगा, गंजक्या तारांवर ही परीक्षा होत नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून पाहा. दुकानदार घाई करेल, करू द्या.

‘जुनी, जपानी, खटला झालेली!’

वापरलेल्या गिटारींच्या जाहिरातीत १९७०च्या दशकातली कोणतीही जपानी गिटार ‘लॉसूट गिटार’ होते. प्रत्यक्षात गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये अमेरिकेत दावा लावला तो आयबानेझच्या वितरकावर, तोही गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून, आणि तो तडजोडीने मिटला. इतर ब्रँडच्या गिटारींना त्या खटल्यामुळे कसलंच मोल येत नाही.

नुसत्या वयालाही मोल नाही. चाळीस वर्षं घट्ट तारांच्या ओढीखाली राहिलेल्या गिटारीचं पोट फुगलेलं, ब्रिज मागून सुटायला लागलेला असू शकतो. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतो का, तेवढं पाहा.

अनोळखी नावाला पुढे विकताना भाव येत नाही, हे मात्र खरं. वाद्य म्हणून ती कितीही चांगली असली तरी नावाची गिटार तिच्यापेक्षा लवकर आणि जास्त किमतीला जाते. वर्षभरात विकायची शक्यता असेल तर ओळखीचा ब्रँड घेणं शहाणपणाचं. पण गिटार घरातच राहणार असेल, तर हा तोटा घेणाऱ्याच्या फायद्याचा ठरतो, कारण तीच गिटार वापरलेली घ्यायला गेलं तर स्वस्तात मिळते. अशा वेळी बजेटचा काही भाग सेटअपसाठी बाजूला ठेवा. नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) आणि सॅडल नीट घासून, फ्रेटांच्या टोचणाऱ्या कडा काढून, नव्या तारा चढवल्या की अनोळखी नावाची कितीतरी वाद्यं दुकानात होती त्याहून वेगळीच वाजू लागतात.