टायमिंग बेल्टबरोबर आणखी काय बदलावे?

शहापूर, प्रतिनिधी

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मोटारी मुरबाड मागे टाकतात, तर नाशिककडे निघालेल्या मोटारी शहापूर ओलांडून कसारा घाट चढू लागतात. या रस्त्यांवर इंजिनातील टायमिंग बेल्ट तुटला, तर गाडी जागीच बंद पडते. धक्का मारण्याचाही उपयोग होत नाही. म्हणूनच ठरलेल्या मुदतीत हा बेल्ट बदलावा लागतो. मात्र गॅरेजमध्ये गाडी उघडल्यावर ‘पंप, बेअरिंग, सीलही बदलायचे का?’ असा प्रश्न येतो आणि मालक गोंधळतो. हा अनाठायी खर्च आहे की शहाणपण?

क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी, हा मेळ टायमिंग बेल्ट राखतो. तो तुटल्यास किंवा त्याचे दात सरकल्यास अनेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनाचे हेड उतरवावे लागते. बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट हा खर्च असतो. पर्यटक टॅक्सीवर घर चालवणाऱ्याचा तर गाडी उभी असेपर्यंतचा रोजगारही बुडतो.

निर्णयाची कसोटी

कोणताही जोडभाग बदलण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत. हा भाग पुढे निकामी झाला, तर नवा बेल्टही धोक्यात येईल का? आणि तो बदलण्यासाठी हेच सारे पुन्हा उघडावे लागेल का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर तो भाग आताच बदलणे स्वस्त पडते.

या कसोटीवर टेन्शनर आणि आयडलर यांना पहिला मान मिळतो. बेल्टचा ताण राखणाऱ्या या पुली बेल्टइतक्याच फिरलेल्या असतात. त्यांचे बेअरिंग जाम झाल्यास नवा बेल्टही तुटू शकतो. त्यामुळे सुटा बेल्ट घेण्यापेक्षा या भागांसह मिळणारा संच घेणे योग्य.

वॉटर पंपाबाबत मात्र गाडीनुसार उत्तर बदलते. रेनॉ डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनात पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. तो जाम झाला किंवा गळू लागला, तर बेल्टवर संकट येते. अशा गाडीत पंप बेल्टसोबतच बदलावा आणि कूलंटही नवे भरावे. टोयोटा इनोव्हाच्या जुन्या अडीच लिटर डिझेल इंजिनात पंप बाहेरच्या बेल्टवर चालतो. तेथे गळती किंवा आवाज नसेल, तर पंप राहू देण्यास हरकत नाही.

क्रँक आणि कॅमशाफ्टच्या ऑइल सीलची किंमत किरकोळ असते, पण त्यांतून झिरपणारे तेल बेल्टचे रबर खराब करते. ओल दिसल्यास किंवा गाडी बरीच जुनी असल्यास ते बदलावेत. कंपनीने एकदाच वापरण्यास सांगितलेले बोल्ट पुन्हा लावू नयेत. फॅन बेल्टला भेगा असतील, तर तोही बदलावा. अल्टरनेटर किंवा थर्मोस्टॅट केवळ ‘गाडी उघडली आहे’ म्हणून बदलण्याचे कारण नाही.

आधी चौकशी, मग काम

प्रत्येक गाडीत बेल्ट नसतो. स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेन होती. बेल्टची मुदत साधारण ६० हजारांपासून दीड लाख किलोमीटरपर्यंत असते. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे दोन्ही दिलेली असल्यास, जी मर्यादा आधी येईल ती पाळावी. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचे बिल मिळाले नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी आणखी एक दक्षता घ्यावी. गाडी उघडल्यावर एखादा सुटा भाग कल्याण-ठाण्याहून मागवावा लागला, तर ती तशीच उभी राहते. म्हणून चासी क्रमांकावरून संच आधीच मागवून ठेवावा. बेल्ट चढवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळल्याची खात्री करण्यास मेकॅनिकला सांगावे. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत आणि बिलावर तारीख व किलोमीटर नोंदवून घ्यावेत. पुढच्या वेळी किंवा गाडी विकताना हीच नोंद कामी येते.