ग्रंथालयातील सहायक सेवकवर्ग : शिक्षण, पदोन्नती आणि प्रतिनिधित्व

ग्रंथालयाचा विचार करताना आपल्या डोळ्यांपुढे सामान्यतः दोनच गोष्टी उभ्या राहतात : ग्रंथ आणि ग्रंथपाल. ग्रंथ वाचकाच्या हाती प्रत्यक्ष देणारा, परत आलेला ग्रंथ पुन्हा योग्य जागी ठेवणारा, दाखलनोंद वहीत त्याची नोंद करणारा, फाटलेले पान चिकटवणारा आणि 'ते लाल बांधणीचे व्याकरण कोठे आहे?' या प्रश्नाला वहीकडे न पाहता उत्तर देणारा जो मोठा वर्ग ग्रंथालयात असतो, त्याची आठवण आपल्याला बहुधा त्याच्याकडून काही चूक घडली म्हणजेच होते. या वर्गाचे शिक्षण, त्याची पदोन्नती आणि ग्रंथालयाच्या कारभारात त्याचा आवाज या तीन गोष्टींचा परस्परसंबंध काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच प्रत्येकीला अर्थ आहे. त्यांतील एकच दिली तर ती फुकट जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हा विषय ग्रंथालयशास्त्राचा. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात येईलच. आरंभ मात्र भाषेच्याच एका गोष्टीपासून करू.

(१) नावांचा विचार

या वर्गाला आपण कोणत्या नावांनी ओळखतो? महाविद्यालयीन ग्रंथालयांत 'ग्रंथालय परिचर', 'ग्रंथालय लिपिक', 'ग्रंथालय सहायक' ही पदनामे आढळतात. सार्वजनिक ग्रंथालयांत 'निर्गम सहायक', 'लिपिक' आणि 'शिपाई'. या सर्वांना विद्यापीठीय व्यवहारात एकत्रितपणे 'शिक्षकेतर' म्हणतात. इंग्रजीत पूर्वी 'नॉन-प्रोफेशनल' हा शब्द रूढ होता. पुढे 'पॅरा-प्रोफेशनल' आणि 'सपोर्ट स्टाफ' हे शब्द आले.

यांपैकी 'शिक्षकेतर' आणि 'नॉन-प्रोफेशनल' या शब्दांची घडण पाहण्यासारखी आहे. मनुष्य काय आहे हे ते सांगत नाहीत. तो काय नाही एवढेच सांगतात. 'परिचर' या शब्दात सेवाभाव आहे, पण ज्ञानाची सूचना नाही. पदनाम हे केवळ नाव नसते. त्या पदावरील माणसाने काय शिकावे, त्याला कोठवर चढता यावे आणि त्याचे मत कोणत्या बाबतीत विचारावे, याच्या मर्यादा त्या नावातच आखलेल्या असतात. ज्याचे नावच निषेधाने बनले आहे, त्याच्या शिक्षणाची तरतूद करण्याचे कोणाच्या सहज मनात येत नाही.

(२) मांडणीमागील ज्ञान

आता हे काम खरोखर ज्ञानाविना होण्याजोगे आहे काय ते पाहू. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ असा आहे. एखाद्या जुन्या ग्रंथालयात या एका अंकाच्या पोटात हजारो ग्रंथ असतात. साहित्यप्रकाराप्रमाणे त्यांचे पोटविभाग पाडले तरी प्रत्येक विभागातील ग्रंथांचा क्रम अखेरीस लेखकाच्या नावावर, म्हणजे वर्णक्रमावर, अवलंबून राहतो. आणि मराठीचा वर्णक्रम हा वाटतो तितका सरळ विषय नाही.

'ळ' हे अक्षर घ्या. मराठी वर्णमालेत ते 'ह'च्या पुढे येते. त्यामुळे 'काव्य', 'कासव', 'काहूर', 'काळ' हा क्रम मराठी वाचकाला स्वाभाविक वाटतो. संगणकाच्या युनिकोड संकेतावलीत मात्र 'ळ'चे स्थान 'ल'नंतर आणि 'व'च्या आधी आहे. मराठीच्या क्रमाचा स्वतंत्र नियम न लावता केवळ संकेतांकांवरून यादी लावली, तर 'काळ' हा शब्द 'काव्य'च्याही आधी जाऊन बसतो. अनुस्वाराचेही तसेच आहे. स्वरमालेत 'अं' हा 'औ'च्या पुढे येतो. संकेतावलीत अनुस्वाराचे चिन्ह सर्व स्वरव्यंजनांच्या आधी असल्याने 'अंक' हा 'अकबर'च्या पुढे न जाता मागे राहतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना वर्णमालेच्या अखेरीस स्वतंत्र स्थान द्यावयाचे की जोडाक्षरे मानून 'क' आणि 'ज'च्या पोटी घालावयाचे, याविषयी कोशांतही एकवाक्यता नाही.

याहून बिकट प्रश्न व्यक्तिनामांचा. आधुनिक लेखक आडनावाखाली आणि संत त्यांच्या नावाखाली, हे स्थूल सूत्र सर्वांना माहीत असते. परंतु वि. वा. शिरवाडकरांची नाटके त्यांच्या आडनावावर आणि कविता 'कुसुमाग्रज' या नावावर प्रसिद्ध आहेत. राम गणेश गडकरी हे कवितेत 'गोविंदाग्रज' आणि विनोदी लेखनात 'बाळकराम' आहेत. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा उल्लेख तर बहुधा आडनाव वगळूनच होतो, आणि मग 'पांडुरंग' हे वडिलांचे नाव आडनावाच्या जागी जाऊन बसते.

या शेवटच्या उदाहरणाचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे. संशोधनकाळात एका जुन्या ग्रंथालयात दादोबांच्या व्याकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या ताडून पाहावयाच्या होत्या. तालिकेत एकच प्रत सापडली. तेथील एका वयस्क परिचरांनी आणखी दोन आणून दिल्या : एक 'पांडुरंग' या नावाखाली नोंदलेली, दुसरी 'दादोबा' या नावाखाली. कोणती नोंद कोणत्या काळात कोणाच्या हातून कशी झाली, हे त्यांना तोंडपाठ होते. 'साहेब, पत्ता चुकला तरी घर तेथेच असते,' एवढेच ते म्हणाले. प्रबंधातील एका प्रकरणाचा पाया त्या दोन प्रतींवर उभा राहिला. ते गृहस्थ ज्या पदावर नेमले गेले त्याच पदावरून निवृत्त झाले. त्यांना माहीत असलेल्या चुकांची यादी करून घ्यावी असे त्या ग्रंथालयाला सुचले नाही. आणि, कबूल केले पाहिजे की, प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव घालावे असे प्रस्तुत लेखकालाही त्या वेळी सुचले नाही. काही वर्षांनी तेथे पुन्हा गेलो तेव्हा त्या दोन प्रती कोणालाच सापडल्या नाहीत. प्रती नष्ट झाल्या असतील असे नव्हे. त्यांचा पत्ता जाणणारा मनुष्य गेला होता.

(३) शिक्षणाचा आणि संघटनेचा इतिहास

सहायकांच्या शिक्षणाचा प्रश्न नवा नाही आणि तो केवळ आपल्याकडचाही नाही. इंग्लंडमध्ये ग्रंथपालांची लायब्ररी असोसिएशन १८७७ साली स्थापन झाली. तीत आपल्या प्रश्नांना पुरेसा वाव नाही असे वाटल्याने सहायकांनी १८९५ साली आपली वेगळी लायब्ररी असिस्टंट्स असोसिएशन काढली आणि १८९८ पासून स्वतःचे नियतकालिक चालवले. अभ्यास आणि व्याख्याने हे तिचे एक अंग, कामाचे तास आणि वेतन हे दुसरे. ही दोन्ही अंगे तिने एकमेकांपासून वेगळी केली नाहीत, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९२२ साली संस्थेने आपले नाव बदलून असोसिएशन ऑफ असिस्टंट लायब्रेरियन्स असे केले, आणि १९३० मध्ये ती मूळ संस्थेचा एक विभाग बनली. 'असिस्टंट' हे विशेषण झाले आणि 'लायब्रेरियन' हे नाम. नामांतरातील हा फरक लहान नाही.

तथापि हे सहायक पुढे ग्रंथपाल होऊ शकत होते. त्यांच्या वाटेवर भिंत नव्हती. ती स्पष्टपणे आखली गेली ती अमेरिकेत. चार्ल्स विल्यमसन यांच्या १९२३ सालच्या अहवालाने ग्रंथालयातील व्यावसायिक काम आणि लेखनिकी काम यांची विभागणी करून पहिल्यासाठी पदवी व तीनंतर विद्यापीठातील शिक्षण आवश्यक ठरवले. ग्रंथपालाच्या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळण्याच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच होते. परंतु रेषेच्या वर जे गेले त्यांचा मार्ग जितका स्पष्ट झाला, तितकाच खाली राहिलेल्यांचा बंद झाला. त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना तेथे १९६७ साली उभी राहिली. आणि २०१० साली त्यांच्यासाठी राष्ट्रीय प्रमाणपत्राची योजना सुरू झाली. त्या योजनेत एक मार्मिक सोय होती : उमेदवाराने वर्ग पुरे करावेत, किंवा आपण जे काम करतो त्याचाच पुरावा पद्धतशीर सादर करून आपली पात्रता सिद्ध करावी. मनुष्य कामातून जे शिकला ते ज्ञान आहे, ही त्यातील मूळ कल्पना होय.

आपल्या देशात या कार्याचा आरंभ एका मराठी राजाच्या संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास १९१० साली बडोद्यास आणले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथालय-शिक्षणाचा वर्ग निघाला. १९१५ साली लाहोर येथे पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी वर्ग सुरू केला. पुढे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ सालच्या आपल्या पंचसूत्रीच्या ग्रंथात, ग्रंथ उपयोगासाठी आहेत या पहिल्याच सूत्राच्या विवेचनात सेवकवर्गाची पात्रता, वेतन आणि दर्जा यांचा ऊहापोह केला. ग्रंथ वापरले जावेत असे वाटत असेल तर ते वापरावयास देणाऱ्याची स्थिती दुर्लक्षून चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

(४) महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून अंमलात आला. या कायद्यात ग्रंथालय-कराची तरतूद नाही. शासनमान्य ग्रंथालये ही बहुतांशी खाजगी संस्थांनी चालवलेली असून शासन त्यांना अ, ब, क, ड या वर्गांनुसार अनुदान देते. याचा परिणाम असा की, या ग्रंथालयांतील सेवक शासकीय नोकर ठरत नाही. त्याचे वेतन अनुदानाच्या आणि संस्थेच्या तुटपुंज्या उत्पन्नाच्या मेळावर ठरते. निश्चित वेतनश्रेणी व सेवाशर्ती यांची मागणी ग्रंथालय संघांच्या अधिवेशनांतून वर्षानुवर्षे होत आली आहे ती याच कारणाने.

शिक्षणाच्या सोयी मात्र अगदीच नाहीत असे म्हणता येणार नाही. ग्रंथालयशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम मराठीतून शिकवण्याची परंपरा राज्यात आहे. नोकरी सांभाळून पदवी घेऊ इच्छिणाऱ्यास इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) यांचा मार्ग खुला झाला.

मग उणीव कशाची? उणीव आहे ती पायरीची. परिचराने रात्री अभ्यास करून प्रमाणपत्र मिळवले, पुढे पदवीही घेतली, तरी त्याच्या संस्थेत वरचे पद मंजूर नसेल तर त्या शिक्षणाचा त्याच्या वेतनावर किंवा कामाच्या स्वरूपावर काहीही परिणाम होत नाही. महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद शिक्षकांच्या बरोबरीचे झाले, त्याला राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा लागू झाली. हे इष्टच झाले. पण त्या पदाच्या लगत खाली जी मोठी पोकळी राहिली ती भरून निघाली नाही. पायरीशिवाय शिक्षण म्हणजे भिंतीला न टेकवलेली शिडी होय. आणि पायरी निर्माण व्हावयाची तर ती मागणारा आवाज जेथे निर्णय होतात तेथे असावा लागतो. ग्रंथालय समितीच्या बैठकीत संगणक-प्रणाली बदलण्याचे ठरते. 'ळ' कोठे लागतो हे जाणणारा मनुष्य त्या वेळी बाहेर देवघेवीच्या खिडकीपाशी बसलेला असतो.

(५) विभागापुरते काही

आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, सेवकाच्या व्यवसायशिक्षणाची जबाबदारी एकट्या त्याच्यावर न टाकता ती संस्था, व्यावसायिक संघ आणि शिक्षण देणारे विभाग यांच्यावरही विभागून ठेवली आहे. वेतनश्रेणी ठरवणे विद्यापीठातील एखाद्या भाषाविभागाच्या हाती नाही. परंतु शिक्षण देणारा विभाग या नात्याने आपल्या वाट्याला जे येते, ते करण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागणार नाही.

पहिली गोष्ट, मराठी वर्णक्रम, व्यक्तिनामे, टोपणनावे आणि जुन्या लेखनपद्धती या विषयांवर ग्रंथालय सेवकांसाठी आठ-दहा तासांचा एक वर्ग आपण दरवर्षी घेऊ शकतो. हे विषय प्रचलित ग्रंथालय-अभ्यासक्रमांत सविस्तर येत नाहीत आणि ते आपल्याइतके दुसऱ्या कोणाच्या अखत्यारीतील नाहीत. हा वर्ग कामाच्या वेळेत व्हावा. रजा काढून शिकावे लागणे ही सवलत नव्हे. दुसरी गोष्ट, निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या सेवकांकडून संग्रहातील चुकीच्या नोंदी, विखुरलेल्या आवृत्त्या आणि अनामिक बाडे यांची माहिती लिहून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य म्हणून देता येईल. बोलीचा नमुना घ्यावयास आपण खेडोपाडी जातो. हा निवेदक आपल्याच आवारात आहे. असे टिपण सेवकाच्या नावाने सिद्ध व्हावे, म्हणजे त्याच्या पदोन्नतीच्या वेळी ते पुराव्यादाखल पुढे ठेवता येईल. तिसरी गोष्ट, ग्रंथालय समितीवर विभागाचा जो प्रतिनिधी असतो, त्याने तेथे सहायक सेवकांपैकी एकास बोलावण्याचा आग्रह धरावा.

चौथी गोष्ट सर्वांत लहान, आणि ती प्रत्येकाच्या स्वतःच्या हातातली आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपण 'ग्रंथालयातील कर्मचारीवर्ग' असे लिहून मोकळे होतो. ज्यांनी प्रत शोधून दिली त्यांना विचारून त्यांचे नाव तेथे लिहावे. प्रस्तुत लेखकाच्या हातून ते राहून गेले. विद्यार्थ्यांच्या हातून राहू नये.