बॅगेत एकच लेन्स!

ट्रिपचा ग्रुप तयार झाला, त्याला नाव मिळालं, डीपी लागला, तारखांवरून भांडणंही उरकली. आता रात्री साडेअकराला कुणीतरी हमखास विचारतं, ‘‘ए, कॅमेरा कोण आणतंय?’’ आणि ग्रुपमध्ये जो कुणी ‘फोटोवाला’ असतो (हे वाचताय म्हणजे बहुतेक तुम्हीच!), त्याची झोप उडते. कॅमेऱ्याची बॉडी एकच आहे, तिचा प्रश्न नाही. पण लेन्स कोणती न्यायची? कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स, की मित्राकडची फिफ्टी मागून घ्यायची? पहिल्या पगारातून नवीच घेतली तर? की सगळ्याच कोंबायच्या बॅगेत? असू देत, लागतील कुठेतरी!

‘असू देत, लागतील’ असं म्हणतच मी एकदा तीन लेन्स खांद्याला लटकवून हंपीला गेले होते. आमची फॅमिली ट्रिप होती आणि बाबा कित्येक वर्षांनी सुट्टी काढून आले होते. बाबांचा फोटोतला चेहरा म्हणजे आधार कार्डवरचा चेहरा. कॅमेरा दिसला की ओठ मिटतात, मान ताठ होते. तिथे तुंगभद्रेत बांबूची गोल, टोपलीसारखी होडी असते, कोरॅकल म्हणतात तिला. नावाड्याने ती नदीच्या मध्यावर नेऊन गरागरा फिरवली आणि बाबा लहान मुलासारखे खळखळून हसायला लागले. त्या वेळी मी काय करत होते? एक लेन्स मांडीवर, दुसरी हातात आणि तिसरीचं झाकण दातात. लेन्स बसवून कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत होडी थांबली होती आणि बाबांचं पुन्हा आधार कार्ड झालं होतं. त्या हसण्याचा जो फोटो आज आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, तो ताईच्या साध्या मोबाइलवरचा आहे. पाहुणे कौतुकाने मला विचारतात, ‘‘हा तू काढलास ना?’’ काय सांगणार!

तर मंडळी, ही चूक तुम्ही करू नका. फिरायला जाताना लेन्स एकच न्या. फक्त ती कुठली, हे निघण्याआधी नीट ठरवा.

एकच का?

पहिलं कारण वजन. फुल फ्रेम कॅमेऱ्याची २४-७० एफ २.८ ही लेन्स पाऊण किलोच्या आगेमागे भरते. छोट्या फिफ्टी एफ १.८ लेन्स मात्र अनेक कंपन्यांच्या दोनशे ग्रॅमच्या आत असतात. घरी हातात धरून हा फरक कळत नाही. मातंग टेकडीवर सूर्योदय गाठण्यासाठी अंधारात दगड चढायला लागलं की बरोबर कळतो. दुसरं कारण धूळ आणि पाणी. लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो. त्यावर बसलेला एक कण पुढच्या प्रत्येक फोटोच्या आकाशात काळपट ठिपका बनून येतो. सह्याद्रीत पावसाळ्यात तर उघड्या माळावर लेन्स बदलणं म्हणजे कॅमेऱ्याला आंघोळ घालणंच. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणजे तुमचं लक्ष. बॅगेत तीन लेन्स असल्या की अर्धं लक्ष बॅगेतच राहतं. समोर काहीतरी घडत असतं आणि डोक्यात ‘आता कुठली लावू?’ हे चालू असतं.

आकड्यांचं कोडं

लेन्सवर १८, ३५, ५० असे मिलिमीटरमधले आकडे असतात. ती फोकल लेंथ. आकडा लहान, तेवढं समोरचं जास्त मावतं. आकडा मोठा, तेवढं लांबचं जवळ दिसतं. इथवर सगळ्यांना माहीत असतं. गडबड पुढे होते. आपल्यापैकी बहुतेकांचे सुरुवातीचे कॅमेरे एपीएस-सी सेन्सरचे, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचे असतात. त्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात. निकॉन, सोनी, फुजीच्या अशा कॅमेऱ्यांत लेन्सवरच्या आकड्याला १.५ ने गुणा, कॅननमध्ये १.६ ने. म्हणजे ५० ची लेन्स अशा कॅमेऱ्यावर ७५ किंवा ८० सारखं दृश्य दाखवते. ‘फिफ्टी घे, बेस्ट आहे’ असं ऐकून ती घेतलेली पोरं म्हणूनच हॉटेलच्या खोलीत ग्रुप फोटो काढताना भिंतीला पाठ टेकवून उभी असतात आणि तरी दोघं फ्रेमबाहेर!

या फिफ्टीची कीर्ती उगाच झालेली नाही. जगभर भटकून फोटो काढणारे फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातलं बहुतांश काम लायका कॅमेरा आणि ५० च्या लेन्सवर केलं. १९४७-४८ मध्ये ते भारतात होते. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांचे आणि अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो आजही पाहिले जातात. पण त्यांची फिल्म ३५ मिलिमीटरची, म्हणजे आजच्या भाषेत फुल फ्रेम होती. त्यांच्यासारखं दृश्य तुमच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर हवं असेल, तर ५० नव्हे, ३५ च्या आसपासची लेन्स लागेल. हा एक गुणाकार पाठ असला तरी पुष्कळ पैसे वाचतात.

उमेदवार चार

आता ‘एकच’साठी उभे असलेले उमेदवार बघू. पहिली १८-५५ ची किट लेन्स. तिला नावं ठेवायची फॅशन आहे, पण देवळाच्या अंगणापासून माणसाच्या चेहऱ्यापर्यंत सगळं ती निभावते, हलकी असते आणि तुमच्याकडे आहेच. तिची अडचण उजेडाची. तिचं ॲपर्चर साधारण एफ ३.५ ते ५.६. संध्याकाळ झाली किंवा अजिंठ्याच्या लेण्यांसारख्या फ्लॅशला बंदी असलेल्या अंधाऱ्या जागी गेलात की ती हात टेकते.

दुसरी ऑल-इन-वन, म्हणजे १८-१३५, १८-१४० किंवा १८-२००. मोठं गोपुरही घेते आणि त्यावर बसलेलं माकडही. ज्यांना काहीच सुटायला नको असतं त्यांच्यासाठी ही बरी. मात्र ती किटपेक्षा जड असते आणि अंधारात तिचीही तीच रड.

तिसरी १७-५० किंवा १८-५० एफ २.८. किटएवढाच पल्ला, पण झूम पूर्ण ताणला तरी एफ २.८ कायम. एफ ५.६ च्या तुलनेत चौपट उजेड आत येतो. दोन्हीकडचं चांगलं हवं असेल तर ही. फक्त खिशाला चांगलीच जाणवते.

चौथी प्राइम, म्हणजे झूम नसलेली ३५ किंवा ५०, एफ १.८ वाली. हलकी आणि अंधाराला न घाबरणारी. एफ ५.६ च्या जवळपास दहापट उजेड ती घेते. पण झूम तुमच्या पायांत. दोन पावलं पुढे, चार मागे, हे तुम्हालाच करावं लागतं.

उत्तर तुमच्याच लॅपटॉपमध्ये

यातली तुमची कोणती? इथे सगळे मित्रांना विचारतात आणि प्रत्येक मित्र स्वतःची लेन्स सांगतो. त्यापेक्षा मागच्या दोन ट्रिपचे फोटो उघडा. झूम लेन्सवर काढलेल्या फोटोंतले तुम्हाला मनापासून आवडणारे पन्नास निवडा. लाइक्स मिळालेले नकोत, तुम्हाला आवडलेले. मग प्रत्येक फोटोच्या डिटेल्समध्ये जाऊन फोकल लेंथचा आकडा कागदावर लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

मी हे केलं तेव्हा चाटच पडले. मला वाटायचं, मी लँडस्केपवाली. पन्नासातले बहुतेक फोटो निघाले ३० ते ४० च्या दरम्यानचे, आणि जवळपास सगळ्यांत माणसं होती. चहावाल्याचे हात, एसटीत खिडकीला डोकं टेकून झोपलेली आजी, कणीस भाजणारी बाई. डोंगरांचे फोटो मी ढिगाने काढले होते, पण परत कधी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते.

तुमचे आकडे १८ ला चिकटलेले असतील, तर प्राइमच्या नादी लागू नका. तुम्हाला मोकळं दृश्य आवडतं, किट किंवा १८-५० च तुमची. आकडे नेहमी झूमच्या दुसऱ्या टोकाला असतील, तर तुम्हाला लांबचं खुणावतं, ऑल-इन-वन घ्या. सगळीकडे विखुरलेले असतील, तरी हरकत नाही, झूमच ठेवा. आकडे एका जागी गोळा झाले असतील, तर एका रविवारी किट लेन्सची झूम रिंग त्या आकड्यावर आणा, वर कागदी चिकटपट्टी लावा आणि दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या तुळशीबागेत दोन तास फिरून या. दोन तासांत वैताग आला तर लेन्स घेऊ नका. मजा आली तर तुमची लेन्स सापडली.

हंपी, पुन्हा एकदा

दुसऱ्यांदा हंपीला गेले ते फक्त ३५ घेऊन. खरं सांगू? काही गोष्टी सुटल्या. विरूपाक्ष मंदिराचं सुमारे ५० मीटर उंचीचं गोपुर जवळून फ्रेममध्ये मावेना, पार बाजारपेठेत मागे जावं लागलं. सकाळी नदीवर आंघोळीला आलेली देवळाची हत्तीण लांबून ठिपक्याएवढी आली. पण विठ्ठल मंदिरातला दगडी रथ, तोच आपल्या नव्या ५० च्या नोटेवरचा, मी पहिल्यांदा नीट पाहिला. झूम नव्हता, म्हणून त्याच्याभोवती फिरले. एका बाजूने गर्दी होती, दुसऱ्या बाजूला एक आजोबा खिशातली नोट काढून नातीला रथ जुळवून दाखवत होते. दोघंही हसत होते. या वेळी कॅमेरा डोळ्यालाच होता.

एक लेन्स निवडणं म्हणजे काय सोडायचं ते घरूनच ठरवून निघणं. मी गोपुर सोडलं आणि हत्तीणही, पण त्याची रुखरुख फार वेळ राहिली नाही. बाबांच्या हसण्याची अजून आहे.

पैसे मोजण्याआधी

ट्रिप तोंडावर आली म्हणून घाईघाईने ईएमआयवर लेन्स घेऊ नका. मुंबई-पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, शनिवार-रविवार वापरून बघा. सेकंडहँड घेताना दोन्ही झाकणं काढून मोबाइलचा टॉर्च आतून मारा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजा आणि नमस्कार करून निघा. आपल्याकडच्या, विशेषतः कोकण-मुंबईच्या दमट हवेत ती लवकर धरते. स्वतःची लेन्सही पावसाळ्यात कपाटात बंद ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि मधूनमधून वापरा.

आणि हंपीला गेलात, तर विरूपाक्ष मंदिराच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली आहे, ती चुकवू नका. भिंतीतल्या छोट्याशा फटीतून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर त्या प्रचंड गोपुराची सावली उमटते, चक्क उलटी! कॅमेरा ज्या तत्त्वावर चालतो, तेच. तिथे तर काच नाही, झूम नाही, एफ १.८ सुद्धा नाही. माझ्या ३५ मध्ये न मावलेलं ते अख्खं गोपुर त्या एवढ्याशा फटीतून आत आलं होतं. मी बाबांना व्हिडीओ कॉल लावून ते दाखवलं. ते आधी नुसते बघत राहिले, मग मोबाइल उलटा धरून सरळ गोपुर बघू लागले आणि खळखळून हसले.

स्क्रीनशॉट घ्यायचं मात्र राहिलं.