एस्पोझितो : बेघरांचे घराणे

आडनाव म्हटले की आपण मूळपुरुष आणि मूळगाव शोधू लागतो. इटलीतील आडनावांचा अभ्यास करताना मीही तेच करतो. 'फेरारी'मागे लोहार सापडतो, 'रोमानो'मागे रोम शहर. 'एस्पोझितो'पाशी मात्र ही वाट खुंटते.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'बाहेर ठेवलेला'. नेपल्समधील आनुन्त्सियाता या धर्मादाय संस्थेच्या भिंतीत लाकडी फिरता पाळणा होता. त्याला 'रुओता', म्हणजे चाक, म्हणत. कुणीतरी बाळ त्यात ठेवी, चाक फिरे आणि बाळ आत जाई. ठेवणारा आतल्यांना दिसत नसे. आईबाप अज्ञात असलेल्या अशा मुलांना 'एस्पोझितो' हे आडनाव मिळे. लोक त्यांना 'मॅडोनाची लेकरे' म्हणत. संबोधन मायेचे होते. पण आडनाव उच्चारताच जन्माची कथा चारचौघांत उघड होई.

इतर शहरांत नावे वेगळी. फ्लॉरेन्सच्या 1445 मध्ये सुरू झालेल्या अनाथालयातून 'इनोचेन्ती', म्हणजे निष्पाप, हे आडनाव पसरले. मिलानच्या रुग्णालयाचे चिन्ह कबुतर, म्हणून तिथल्या मुलांना 'कोलोम्बो'. अर्थात प्रत्येक कोलोम्बोचा पूर्वज टाकलेले मूल नव्हता. ते नाव इतर मार्गांनीही आले आहे.

नेपल्सच्या गादीवर जोआकिम म्युरा (1808-1815) असताना मुलांना अशी ओळखू येणारी आडनावे देण्यास बंदी झाली. 1875 मध्ये आनुन्त्सियाताचे चाकही बंद झाले. तोवर आडनाव वंशपरंपरेने चालू लागले होते. इतर आडनावे मुलांनातवंडांतून वाढतात; हे त्याशिवाय चाकातूनही वाढत होते. म्हणूनच नेपल्स परिसरात ते आजही अत्यंत प्रचलित आहे आणि म्हणूनच दोन एस्पोझितो एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतून लाखो लोक अमेरिका आणि अर्जेंटिनाकडे निघाले. त्यांच्याबरोबर हे आडनावही समुद्रापार गेले. कॅनडात जन्मलेला आइस हॉकीपटू फिल एस्पोझितो आणि अमेरिकी अभिनेता जानकार्लो एस्पोझितो यांच्यामुळे ते आज जगाला परिचित आहे. तिथे त्या शब्दाचा मूळ अर्थ फारसा कुणाला बोचत नाही.

एस्पोझितो घराण्याची वंशावळ मागे नेताना शेवटी अनाथालयाच्या नोंदवहीतील एखाद्या नोंदीपाशी थांबावे लागते. तिथे बापाचे नाव नाही. पण चाकातून आलेले ते मूल जगले आणि त्याचा संसार झाला, म्हणून पुढच्या पिढीला तेच आडनाव बापाकडून मिळाले.