दिवड दिसला? काठी नको, वही घ्या!

पावसाळ्यात तळ्याकाठी, ओढ्याच्या पुलाखाली, कधी मागल्या दारच्या गटारातही साप दिसतो. कुणीतरी 'नाग, नाग' म्हणून ओरडतं आणि काठ्या निघतात. मैत्रिणींनो, पुष्कळदा तो बिचारा असतो दिवड! पाण्याकाठी राहणारा, बिनविषारी.

ओळखायचा कसा? पिवळसर-हिरवट अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके आणि डोळ्यापासून निघालेल्या दोन तिरप्या काळ्या रेघा, काजळ ओघळावं तशा. घाबरला की मान चपटी करतो, तिथेच लोक फसतात. खातो मासे नि बेडूक. त्याच्या शास्त्रीय नावातल्या 'पिस्केटर' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी कोळी! स्वभावाने मात्र चिडका, पटकन चावतो. म्हणून ओळख पटली तरी हात लावायचा नाही, लांबूनच पाहायचं. कोणताही साप चावला तर तोडगे न करता तडक दवाखाना गाठायचा.

आता वहीचं. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला २०१९ साली राज्यातलं पहिलं रामसर पाणथळ क्षेत्र म्हणून मान मिळाला. पण आपल्या गावच्या तळ्याकडे कोण बघतं? तिथे भराव पडला की बेडूक-मासे जातात, मागोमाग दिवडही जातो. मग 'पूर्वी इथे असायचा हो' एवढं म्हणून भागत नाही. कधी, कुठे दिसला, ते लिहिलेलं लागतं. आणि त्या वाटेने रोज जाता-येता तुम्हीच!

दुधाचे खाडे मांडता ना, त्याच वहीच्या मागच्या पानावर टिपा: तारीख, वेळ, नेमकी जागा, साप काय करत होता, जिवंत की मेलेला. गाडीखाली चिरडलेला दिसला तरी नोंद करा, तीही मोलाचीच. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव ठोकू नका, सरळ 'ओळखला नाही' लिहा. मोबाइलवर लांबून फोटो मिळाला तर 'आयनॅचरलिस्ट'वर घाला, तिथे जाणकार ओळख तपासतात. मुलांना हे काम सोपवा, आवडीने करतील.

दोन मिनिटांचं तर काम. उद्या तळं बुजवायचा विषय निघालाच, तर तुमच्या वहीतल्या तारखा पुढे ठेवता येतील. नुसत्या आठवणींपेक्षा त्यांचं वजन जास्त, बरं का!