कट् आवाज आला म्हणजे पाठ बरी झाली का?

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलवर निम्मी मुलं कंबर धरून चालतात. मग फुकट सल्ले सुरू होतात. आमच्या मेहरूणमध्ये उसण भरली की जुनी माणसं पायाळू माणसाचं नाव घेतात. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो. त्याने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी समजूत. दुसरा सल्ला सलूनचा: कटिंग झाली की मान दोन्हीकडे कट् करून घे. आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे आता तिसरं नाव कानावर येतं, कायरोप्रॅक्टिक.

हे मूळचं अमेरिकेतलं. 1895 साली डेव्हनपोर्ट गावात डॅनियल डेव्हिड पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा दावा केला. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला: मणका जागेवरून सरकला की नसांना अडथळा होतो आणि बहुतेक आजार त्यातूनच होतात. म्हणजे एकच फॉल्ट, एकच रिपेअर!

नेहमीचे डॉक्टर आधी फॉल्ट शोधतात. कधीपासून दुखतं, पायात मुंग्या येतात का, ताप आहे का, असं विचारतात. कारण पाठदुखी स्नायूची असेल, गादी सरकल्याची असेल, मुतखड्याची असेल किंवा मणक्याच्या टीबीचीही असेल.

मग तो कट् आवाज कसला? हाड जागेवर बसल्याचा नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा. 2015 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटाच्या सांध्याचा एमआरआय काढून हे दाखवलं. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्समधल्या कॅव्हिटेशनचा हा भाऊच!

याचा अर्थ सगळं थोतांड, असं मी म्हणत नाही. कंबरदुखीत मणका हाताळण्याचा थोडा उपयोग होतो, साधारण व्यायामाइतकाच. 2017 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनेही कंबरदुखीच्या उपायांत त्याचा समावेश केला. पण दमा किंवा बाळाची पोटदुखी यावर तो चालतो याला भक्कम पुरावा नाही. हेच लिहिलं म्हणून 2008 मध्ये ब्रिटनमधल्या कायरोप्रॅक्टर्सच्या संघटनेने सायमन सिंग या लेखकावर बदनामीचा दावा लावला. 2010 मध्ये तो त्यांना मागे घ्यावा लागला.

पायाळूचा गुण तरी का येतो? साधी उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते. श्रेय मात्र शेवटी ज्याने हात (किंवा पाय!) लावला त्याला.

पाठीवर पाय लावून घेण्यात फारसं बिघडत नाही, पण मानेचा झटका वेगळा. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यातली एखादी आतून फाटली तर पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण फुकटच्या कट् साठी ही रिस्क कशाला? शिवाय आपल्याकडे डॉक्टरांसाठी मेडिकल कौन्सिल असते, तशी कायरोप्रॅक्टर्ससाठी नाही. त्यामुळे समोरचा काय शिकलाय, हे आपणच विचारायचं.

पायातली ताकद कमी वाटली, जांघेत बधिरपणा आला, लघवी अडली किंवा पाठदुखीबरोबर ताप असला, तर कुणाकडूनही दाबून घेऊ नका. सरळ हॉस्पिटल गाठा. जळगावात 2018 पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे.

आणि कुठेही गेलात तरी एक प्रश्न विचारा: "कोणतं दुखणं तुम्ही दुसऱ्याकडे पाठवता?" ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, त्याच्या हातात आपली मान देऊ नका.