दुधाच्या दातांची कीड आणि दवाखान्याची धास्ती

तापीकाठच्या किंवा पांझरेकाठच्या एखाद्या गावातून लहान मूल दातासाठी जळगावच्या वा धुळ्याच्या दवाखान्यात आणले जाते, तेव्हा आदली रात्र बहुधा साऱ्या घराने जागून काढलेली असते. गाल सुजलेला, डोळे रडून लाल झालेले आणि आईच्या पदराची मूठ काही केल्या न सोडणारे ते चार-पाच वर्षांचे मूल दंतवैद्याची खुर्ची प्रथम पाहते ते वेदनेच्या ऐन भरात. आणि त्या क्षणी वेदनेचा व खुर्चीचा जो संबंध त्याच्या मनात जडतो, तो पुढे कित्येक वर्षे सुटत नाही. दाताची कीड आणि दवाखान्याची धास्ती या दोन वेगळ्या व्याधी आहेत असे आपण समजतो, परंतु वस्तुतः ती एकाच दिरंगाईची दोन अपत्ये आहेत. उशीर झाला म्हणून इलाज मोठा करावा लागतो, इलाज मोठा झाला म्हणून भीती बसते आणि भीती बसली म्हणून पुढच्या खेपेस आणखी उशीर होतो. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. तेव्हा हा प्रश्न एखाद्या हयगय करणाऱ्या घराचा नाही, तो जवळजवळ निम्म्या घरांचा आहे. या दिरंगाईच्या मुळाशी बेफिकिरीपेक्षा गैरसमज अधिक आहेत, अशी माझी खात्री असल्यामुळे आईबापांना दोष देण्यापेक्षा ते गैरसमज एकेक करून तपासावेत, हा या लेखाचा हेतू आहे.

गैरसमज : दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यावर खर्च कशाला?

वस्तुस्थिती : दुधाचे दात पडतात हे खरे, परंतु ते सगळे एकदम पडत नाहीत. सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात येतात. त्यांपैकी पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेवर मुलाला आणखी सहा-आठ वर्षे भाकरी चावायची असते. शिवाय प्रत्येक दुधाची दाढ आपल्या खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवते, आणि ती अकाली गेली की शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलतात, मग खालून येणाऱ्या दाताला वाकडी वाट धरावी लागते. याहूनही अधिक नुकसान होते ते एका गोष्टीच्या अज्ञानाने : सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी नवी दाढ उगवते, ती कोणताही दात न पडता येत असल्यामुळे घरची माणसे तिला दुधाचीच समजतात, आणि जन्मभर पुरायची ती कायमची दाढ दुर्लक्षात किडून जाते.

गैरसमज : दातात अळी असते, धुरी दिली की ती बाहेर पडते.

वस्तुस्थिती : ज्या प्रांताचे सारे वर्ष कपाशीच्या बोंडअळीच्या चिंतेत जाते, त्या प्रांतातील माणसाला दातातही अळी असावी असे वाटले तर ते स्वाभाविकच आहे, आपल्या भाषेनेही त्या व्याधीला ‘कीड’ हेच नाव दिले आहे. ही कल्पना अत्यंत प्राचीन आहे. प्राचीन बाबिलोनियातील लेखांत दातातील किड्याचा उल्लेख येतो आणि सुश्रुतसंहितेतील दंतरोगांत ‘कृमिदंतक’ हा एक रोग गणलेला आहे. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर तोंडात घेण्याची आणि मग खाली पडलेले पांढरे, बारीक ‘किडे’ दाखवण्याची रीत याच समजुतीतून चालत आली. ते किडे वस्तुतः तापाने फुटलेल्या बियांतील कोवळे अंकुर असतात. दाताशी त्यांचा काडीमात्र संबंध नसतो. दाताचा किडा ही केवळ कल्पना आहे, असे पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात मांडले, आणि १८९० साली मिलर या शास्त्रज्ञाने खरी प्रक्रिया उलगडून दाखवली. तोंडातील सूक्ष्म जंतू दातांवर चिकटलेल्या साखरेचे व पिठूळ पदार्थांचे आम्ल बनवतात, आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील क्षार विरघळवून टाकते. धुराने हे आम्ल नाहीसे होत नाही. होते ते एवढेच की चार दिवस समाधानात जातात आणि तेवढ्या अवधीत खड्डा अधिक खोल होतो.

गैरसमज : फार गोड खाल्ल्यानेच दात किडतात, सणासुदीला गोड बंद केले की झाले.

वस्तुस्थिती : आखाजीच्या दिवशी पोटभर आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाल्लेल्या मुलापेक्षा, दर तासाला एक बिस्किट किंवा एक गोळी चघळणारे मूल अधिक धोक्यात असते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. गोड तोंडात गेले की काही मिनिटांतच दातावरील थर आम्लमय होतो आणि लाळेला ते आम्ल निवळून पूर्वस्थिती आणण्यास साधारण अर्धापाऊण तास लागतो; स्टेफन या संशोधकाने १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले. जेवणाबरोबर गोड खाल्ले तर दातांवर हा प्रसंग एकदाच येतो, पण दिवसभर थोडेथोडे चघळत राहिले तर लाळेला दुरुस्तीची उसंतच मिळत नाही. म्हणून प्रश्न गोड किती हा आहेच, तथापि ते किती वेळा आणि किती वेळ तोंडात राहते हा त्याहून महत्त्वाचा आहे. चहात बुडवलेले बिस्किट, जत्रेतली गोडीशेव, दाढांच्या खाचांत चिकटून राहणारे वेफर्स आणि गोड पातळ औषधे ही सारी या हिशेबात धरली पाहिजेत. रावेर-यावलच्या मळ्यातील ताजे केळे मात्र जेवणाबरोबर खाल्ले तर त्याचा धसका घेण्याचे कारण नाही. सर्वांत घातक सवय रात्रीची आहे : साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपते, झोपेत लाळ कमी होते आणि ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. बाटली झोपण्यापूर्वी संपवावी, दात पुसावेत आणि त्यानंतर फक्त पाणी द्यावे.

गैरसमज : लहान मुलाला पेस्ट नको, बोटाने मंजन लावले की पुरे.

वस्तुस्थिती : दात घासण्याचा आरंभ पहिल्या दातापासूनच व्हावा, आणि पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. तीन वर्षांखालील मुलासाठी तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर ती थुंकायला शिकवावे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला पुरेसे वळण आलेले नसते, सबब रात्रीचे घासणे मोठ्या माणसाने स्वतः करावे. मिश्री मात्र मुलाच्या तोंडाजवळही नेऊ नये. दुखऱ्या दाढेवर मिश्री किंवा तपकीर दाबण्याची जी रीत काही घरांत अजून आढळते, तिने दात बरा होत नाही, फक्त मुलाला तंबाखूची चव लागते. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र सरकारने १९९२ सालीच मनाई केली आहे. लवंगेचे तेलही कोवळ्या हिरडीला भाजते आणि पोटात गेल्यास अपाय करते.

गैरसमज : दुखत नाही तोवर दवाखान्याचे काम नाही.

वस्तुस्थिती : कपाशीची गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहून सरकी खात असते आणि बाहेरून बोंड निकोप दिसते, हे खानदेशच्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. दातात अळी नसली तरी किडण्याची चाल अशीच आतल्या आत असते. आरंभी हिरडीलगत खडूसारखा पांढरा डाग उमटतो, मग तो पिवळट-तपकिरी होतो, मग खड्डा पडतो, आणि वेदना सुरू होते ती दाताच्या आतील जिवंत गाभ्यापर्यंत मजल गेल्यावर. पांढऱ्या डागाच्या अवस्थेत फ्लोराइडच्या लेपाने आणि आहाराच्या शिस्तीने ही चाल मागे फिरवता येते. खड्डा पडल्यावरही नेहमी यंत्राने कोरावेच लागते असे नाही : सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण किडलेल्या जागी नुसते लावले असता बहुतेक वेळा कीड थांबते, त्या जागी काळा डाग मात्र राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे द्रावण आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल यांनी रूढ केलेल्या पद्धतीत तर किडलेली दाढ न कोरता, सुई न टोचता, तिच्यावर पोलादी टोपी बसवतात. हे सौम्य इलाज वेळेवर आलेल्या मुलालाच बहुधा लागू पडतात. गालावर किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडण्यास वा गिळण्यास त्रास, यांपैकी काहीही दिसले तर मात्र तो प्रसंग उद्यावर ढकलण्याचा नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

गैरसमज : वरचा दात काढला की नजर कमी होते.

वस्तुस्थिती : दृष्टीची नस स्वतंत्र आहे, ती डोळ्यापासून थेट मेंदूकडे जाते आणि दातांच्या नसांशी तिचा संबंध नाही. दात काढल्याने कोणाची नजर जात नाही. उलट किडलेल्या दाताचा पू तसाच राहू दिला तर संसर्ग चेहऱ्यात पसरून डोळ्याभोवती सूज येऊ शकते, म्हणजे ज्याची भीती बाळगायची ते भलतेच राहते आणि ज्याने डोळ्याजवळ खरी इजा होऊ शकते ते मुलाच्या तोंडात ठेवले जाते.

गैरसमज : मूल हट्टी आहे, धाक दाखवल्याशिवाय तोंड उघडणार नाही.

वस्तुस्थिती : लहान मुलाची भीती हा हट्ट नसतो. अनोळखी माणूस, डोळ्यांवर येणारा प्रखर दिवा, यंत्राचा आवाज, पाठीवर निजण्याची असहायता आणि आई दूर जाईल ही शंका या सर्वांचा तो एकत्रित परिणाम असतो. त्यात घरी वर्षभर ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकडे नेऊन सुई टोचीन’ असे ऐकलेले असले, तर दवाखाना ही शिक्षेची जागा आहे अशी मुलाची खात्रीच पटलेली असते. ही धमकी प्रथम बंद केली पाहिजे. त्याचबरोबर ‘काही दुखणार नाही’ असे खोटे आश्वासनही देऊ नये, कारण ते खोटे ठरले की मुलाचा विश्वास डॉक्टरवरून उडतो, आणि आईवरूनही. ‘थोडे टोचल्यासारखे वाटेल, मी जवळच बसेन’ हे खरे वाक्य त्याला अधिक बळ देते. मोठ्यांनी स्वतःच्या दातदुखीच्या कहाण्या मुलासमोर सांगू नयेत. भीती ही मुलाला पुष्कळदा घरातूनच मिळते.

दंतवैद्यकात ‘सांगा, दाखवा, मग करा’ ही रीत १९५९ पासून नावारूपाला आली. प्रत्येक वस्तू काय आहे ते मुलाच्या भाषेत सांगायचे, बोटावर फिरवून दाखवायची आणि मगच दाताला लावायची. मुलाने हात वर केला की थांबायचे, असा करार आधी करायचा आणि तो पाळायचा. तीन वर्षांखालच्या बाळाला खुर्चीची गरजच नसते : आई आणि वैद्य गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळाचे डोके वैद्याच्या मांडीवर येते आणि त्याला वर पाहिले की आईचाच चेहरा दिसतो. सुईपूर्वी हिरडी बधिर करणारा मलम लावतात, आणि १९४३ साली सिद्ध झालेल्या लिडोकेनसारख्या औषधांमुळे दात काढताना वेदना जवळजवळ जाणवत नाही. यात आपल्या प्रांतापुरती एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. धुळे-अमळनेरकडील मुलाच्या कानाला अहिराणीची सवय असते, यावल-रावेरकडील पुष्कळ मुलांना लेवा गणबोलीची आणि शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातील मुलांना पावरीची; खुर्चीत बसलेल्या मुलाशी त्याच्या घरच्या बोलीत दोन शब्द बोलले तर निम्मे परकेपण तेथेच सरते. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना छात्रालयातील मुले जिंकली ती धाकाने नव्हे, ममतेने. जी गोष्ट शाळेत साधते ती दवाखान्यात साधणार नाही असे मानण्यास काही आधार नाही.

गैरसमज : हे सारे पैसेवाल्यांचे लाड आहेत.

वस्तुस्थिती : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या पथकांनी अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांना एकदा तपासावे, अशी तजवीज आहे आणि दातांची कीड तपासणीच्या यादीत समाविष्ट आहे. पथक गावात येते त्या दिवशी मूल शाळेत असेल याची खातरजमा करावी, आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात पडू न देता मुदतीत रुग्णालयात जावे. धुळ्यात जवाहर मेडिकल फाउंडेशनचे एसीपीएम दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत बालदंतवैद्यकाचा स्वतंत्र विभाग असतो.

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा तरी मूल दंतवैद्याला दाखवावे, अशी बालदंतवैद्यकाची शिफारस आहे. ती हुकली असेल तर जे वय असेल त्या वयात, परंतु दात दुखत नसताना जावे. अशा दिवशी इलाज काहीच होत नाही. मूल आईच्या मांडीवर बसते, आरशात स्वतःचे तोंड पाहते, वैद्याबरोबर आपले दात एकेक करून वीसपर्यंत मोजते आणि घरी येऊन तो आकडा आजीला सांगते. पुढे कधी त्याच्या दातावर खरोखर इलाज करण्याची वेळ आलीच, तर ते मूल ओळखीच्या माणसाकडे जात असते.